दशांशाची पाकिटं

पगार हातात आला की मी आधी दशांश काढत असे. ऐंशीनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये मी आया होते. पगार चारशे ऐंशी. त्यातले अठ्ठेचाळीस चर्चने दिलेल्या पाकिटात जायचे. पाकिटावर छापलेलं असे, ‘परमेश्वरासाठी’. मग गावी आईला मनीऑर्डर, मग कॉटचे आणि जेवणाचे पैसे, मग भिशी. उरायचं त्यात साबण, तेल, बसभाडं. आजारी पडले तर काय, हा हिशेब मी रोज करायचे आणि तो कधीच जुळायचा नाही.

माझं गाव नगरच्या पलीकडे. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. शाळा तिथंच सुटली. गावच्या चर्चच्या पाळकांनी चिठ्ठी दिली म्हणून मुंबईत काम मिळालं. ते उपकार मी विसरू शकत नाही. निघताना आईने एकच सांगितलं, हातात आलं की आधी देवाचं. तिचं वागणंही तसंच. आमच्या कोंबड्यांचं दहावं अंडं पाळकांच्या घरी जायचंच, आम्हा पोरांना मिळो न मिळो.

नाहूरला ज्यांच्याकडे मी कॉट घेतली होती त्यांना मी मावशी म्हणायचे. त्या मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा ते वॉचमन झाले आणि भिंतीलगतची कॉट भाड्याने निघाली. मी ख्रिस्ती आहे असं सांगितलं तेव्हा मावशींनी एवढंच विचारलं, “मासे खातंस मां? मगे झाला तर.”

चाळीतल्या पंधरा बायकांची भिशी मावशीच चालवत. महिन्याला शंभर रुपये. दर महिन्याला चिठ्ठी निघायची आणि जिचं नाव येईल तिला सगळी रक्कम. मला पैसे साठवायचे होते, पण चिठ्ठीची भीती वाटत होती. आमच्या पाळकसाहेबांनी लॉटरीच्या तिकिटावर अख्खा उपदेश केला होता.

“मावशी, नशिबाचा खेळ आम्हाला चालत नाही,” मी म्हणाले.

“खेळ कसलो गे? आपलेच पैशे आपल्याक परत.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “बरं, तू चिठ्ठी काढू नको. शेवटचो नंबर तुझो. तुझ्या देवाची तक्रार नाय, नि ह्या बायकांची तर नायच नाय.”

शेवटचा नंबर कुणालाच नको असतो. सगळ्या खूश झाल्या. मीही झाले.

माझा नंबर यायच्या सुमारास मावशींच्या मुलाचं लग्न ठरलं. “तुका काढूक जिवावर येता,” त्या म्हणाल्या, “पण सून खय झोपतली?” त्यांचं बरोबरच होतं. मी खोली शोधू लागले. जाईन तिथं पहिला प्रश्न, नवरा कुठे? दुसरा, भाऊ तरी? एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. खोली नाही म्हणजे गाव गाठणं, आणि गावी गेले तर आईची मनीऑर्डर कोण पाठवणार.

शेवटी भांडुपच्या गावठाणातले एक म्हातारे कॅथलिक गृहस्थ तयार झाले. घरामागे त्यांची एक लहान खोली होती. “तू आपल्यातली, म्हणून देतो,” ते म्हणाले. पण डिपॉझिट पंधराशे, एकरकमी, रविवारी संध्याकाळपर्यंत. दुसरं एक कुटुंब वाट बघत होतं.

शनिवारी मावशींनी भिशीचे पंधराशे माझ्या हातावर ठेवले. एवढे पैसे मी एकत्र कधी पाहिले नव्हते. अगदी वेळेवर आले, म्हणून माझे डोळे भरून आले. कॉटवर बसून प्रार्थना केली आणि आईने शिकवलं तसं लगेच दीडशे रुपये काढून पाकिटात घातले. रविवारी उपासनेत दानाची थैली रांगेतून फिरते, तीत ते टाकले. फार हलकं वाटलं. म्हाताऱ्यांना बाकीचे पहिल्या तारखेला देऊ, ख्रिस्ती माणूस समजून घेईल, असं मी धरून चालले होते.

म्हाताऱ्यांनी पैसे मोजले आणि परत माझ्या हातात दिले.

“दीडशे पगार झाल्यावर देते, अंकल.”

“मुली, आज डिपॉझिट कमी, उद्या भाडं कमी. बुधवारपर्यंत थांबतो. मग नाही.”

घरी आले तेव्हा मावशी तांदूळ निवडत होत्या. “काय गे, चावी मिळाली?”

मी सांगितलं. दशांश हा शब्द त्यांना ठाऊक होता. दर महिन्याला पाकीट बघत होत्याच. सुपातला हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “भिशीत पैशे खयचे भरलंस?”

“पगारातले.”

“नि पगाराचो दशांश?”

“तो दर महिन्याला देतेच की.” बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. एकाच पैशावर मी दोनदा दिलं होतं.

“आवशीन अंडी मोजूक शिकवल्यान,” मावशी म्हणाल्या, “पण तां अंडा उकडल्यावर परत मोजूचा नसता, ह्या नाय शिकवल्यान. जा, मागून आण.”

देवाला दिलेलं परत मागायचं या विचाराने रात्री झोप आली नाही. तरी सोमवारी गेले. पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकलं. थैलीतले पैसे चर्चचा कारभार बघणाऱ्या दोन वडीलजनांसमोर मोजून बँकेत गेले होते. ते एकटे काही करू शकत नव्हते. “पण तुझं देणं आधीच झालं होतं,” ते म्हणाले. “आता तीन महिने पाकीट आणू नकोस.”

“सगळ्यांसमोर थैली येईल तेव्हा काय करू?”

“तेव्हा गीत चालू असतं ना? गीत म्हणायचं.”

हे मी मावशींना जसंच्या तसं सांगितलं. “तुझो देव पैशे घेऊन बसलो, नि तुका सांगता गाणा म्हण,” असं म्हणत त्यांनी कपाटातून लग्नाच्या पैशांचा डबा काढला. “ह्ये बेंजोवाल्याचे. देव थांबत नाय, घरमालक थांबत नाय, बेंजोवालो थांबता.” दीडशे रुपये माझ्या मुठीत कोंबले. “तीन महिने देवाचो हप्तो माका देवचो. वरचे सहा रुपये सोडलंय.”

मंगळवारी चावी मिळाली.

पहिल्या तारखेला पगार झाला. सवयीने मी अठ्ठेचाळीस रुपये पाकिटात घातले आणि तसेच नाहूरला घेऊन गेले. मावशींनी पाकीट लांब धरून वाचलं. “परमेश्वरासाठी. काय गे, माका खय नेऊन बसवलंस?”

मी घाबरले. “दुसरं पाकीट नव्हतं, मावशी.”

“असूंदे. पगार झाल्या झाल्या पैशे आणून देणारा माणूस ह्या चाळीत दुसरा नाय.”

त्या तीन महिन्यांत थैली माझ्यासमोरून गेली तेव्हा मी गीत म्हटलं. शेजारची बाई बघते आहे असं वाटायचं, बघत असेलही.

तिसरा हप्ता घेतल्यावर मावशींनी तिन्ही पाकिटं, रिकामी, माझ्या हातात दिली. “घी. पुढच्या महिन्यापासून तुझ्या देवाक लागतली.” एकावर त्यांचं हळदीचं बोट उमटलं होतं.

चर्चची नवी पाकिटं माझ्याकडे होती. पण पुढच्या पगाराला मी ते हळदीच्या बोटाचंच भरलं. थैली धरणाऱ्या चर्चच्या वडीलजनांनी तो पिवळा डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि थैली पुढे नेली.