देवराईनं दिली चिमूटभर माती

मंडळी, मी सांगते आणि नात टाइप करतीया. तिला कॉलेजच्या अभ्यासाला देवराईतली माती पायजे होती. आमच्यात तिथनं वाळकं पानबी घरी आणत न्हाईत. आज तिनं पिशवी भरली आणि किरकिरणारे किडे एकदम गप!

मी म्हटलं, "आधी कौल लाव, बाई." तिनं तिथल्या देवाला डावी-उजवीकडं दोन फुलं चिकटवली. डावं पडलं, म्हणजे नको.

"आज्जी, वाऱ्यानं पडलं."

पान हलत नव्हतं की!

तिनं माती परत ओतली, हात जोडले. "देवा, चिमूटभर तरी दे." परत फुलं लावली, तर उजवं पडलं, म्हणजे घे, आणि किडे परत सुरू. पोरीचा अभ्यास वाचला, मला लई आनंद झाला बघा.

आता त्या चिमूटभर मातीची पुडी शाहूपुरीत आमच्या घरी टेबलावर हाय. आतनं किरकिर ऐकू येतीया. तुमी उघडली असती व्हय?