घरघंटीच्या मोटारीची पाठवणी

ये गं, हे पान घेऊन अशी निवांत बस. मोटार हा शब्द दिसला रे दिसला की पान उलटायचं, ही तुझी सवय मला ठाऊक आहे. रेसिपी असती तर डोळे फाडून वाचलं असतंस. आज उलटलंस तर बोलणारच नाही मी तुझ्याशी. गप वाच.

मी पाट करते. जेवायला बसायचे, फणसाच्या लाकडाचे. कोणी शिकवलं नाही. घराचं काम चालू असताना सुतार रंधा कसा मारतो ते बघत बसायचे, तो जेवायला गेला की आपणही मारून बघायचे. तेव्हापासून घरातली एकही मुलगी माझ्या हातच्या पाटाशिवाय सासरी गेलेली नाही. पण दोन वर्षांपासून बोटं आखडली. रंधा कसाबसा धरता येतो, पण शेवटी पॉलिशपेपरने तासन् तास घासायचं असतं, ते जमेना. अर्धवट राहिलेले तीन पाट माळ्यावर चढवले आणि मनात म्हटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात रेवदंड्याला होड्या दुरुस्त करायची एक शेड बंद झाली. तिथल्या भंगारात मला एक घासायचं मशीन दिसलं. दोन रूळ, त्यांवर फिरणारा पॉलिशपेपरचा पट्टा, खाली मोटार. लाकूड नुसतं वर धरायचं, घासायचं काम पट्टा करतो. मी ते टेम्पोत घालून घरी आणलं. आमच्या ह्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"हे चालतं?"

"चालेल."

"चालेल आणि चालतं यांत फरक असतो. दिवाळीची साफसफाई होईपर्यंत वाट बघतो. नाही फिरलं तर ज्या भंगारातून आणलंस त्याच भंगारात."

मोटार काढून अलिबागला, जळक्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे नेली. त्याने झाकण उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात.

"काकू, ह्यात तांब्यापेक्षा मीठ जास्त आहे. ही नवी तार गुंडाळून भरून दिली तर माझंच नाव खराब होईल. दुसरी बघा. एक एचपी, सिंगल फेज. जुन्या घरघंटीची असली तरी पळेल."

घरघंटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे थोरल्या जाऊबाईंचं, आमच्या वहिनींचं, स्वयंपाकघर उभं राहिलं. त्यांची दळणाची घरघंटी बंद पडून वर्षं झाली होती. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर पाण्याचा माठ. पण सरळ मागितली तर वहिनी देणाऱ्यातल्या नाहीत, आणि आधी आतली मोटार किती एचपीची ते कळायला हवं. मग काय केलं, सांगते, पण कोणाला बोलू नकोस.

चहा पिता पिता मी कान टवकारले. "वहिनी, घरघंटीत खुडबुड ऐकू येतेय का हो? उंदीर शिरलाय वाटतं."

साफ खोटं. पण देवाची शपथ घेतली नाही, तेवढं पथ्य पाळलं.

"उंदीर? अगं बाई, बघ बघ!"

पेचकस माझ्या पिशवीत होताच. माठ उतरवला, मागचा पत्रा काढला, चष्मा लावून मोटारीवरची पट्टी वाचायला वाकले आणि आतून खराखुरा, हा एवढा उंदीर माझ्या खांद्यावरून उडी मारून गेला. वहिनी स्टुलावर, मी भिंतीला, आणि तोंडातून किंकाळी, "एक एचपी!"

"उंदराला एचपी काय म्हणतेस गं?" वहिनींनी स्टुलावरूनच विचारलं.

मग सगळं सांगावं लागलं. बोटं, पाट, मोटार, सगळं. त्या खाली उतरल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "न्हाय. माहेरची वस्तू हाय ती. भावाने भाऊबीजेला दिलेली. त्याला विचारल्याशिवाय एक खिळा देणार न्हाय."

"मग विचारा ना!"

लावला फोन, स्पीकरवर. पनवेलहून भाऊ म्हणाला, "कुठली घरघंटी गं, ताई? मी तर तुला मिक्सर दिला होता ना?"

वहिनींनी फोन ठेवला. घरघंटीवरचा रुमाल काढून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "ने ती. आत्ताच ने."

मला वाईट वाटलं. मोटार मिळाल्याचा आनंद दाबून वाईट वाटून घेणं अवघड असतं, पण खरंच वाटलं. इतकी वर्षं रुमाल धुऊन धुऊन घातला होता त्यांनी तिला. मी म्हटलं, "रागाने दिलेली नको मला, वहिनी. मनाने द्याल तर नेते, नाहीतर राहू दे."

त्या आत गेल्या. मला वाटलं, गेली मोटार हातची. तर बाहेर आल्या त्या हळदकुंकवाचा करंडा घेऊन. मी मोटार सोडवून बाहेर काढली, त्यांनी तिला कुंकू लावलं. खण, तांदूळ, नारळ, सुपारी, सगळं त्या लोखंडाच्या ओटीत घातलं. "लेक म्हणून पाठवते. नांदव नीट. दमली की थांबवायचं."

रिक्षावाल्याने ते ओटीसकट बांधलेलं गाठोडं उचललं आणि थबकला. "मावशी, ही मोटार हाय का नवरी?"

"जपून ठेव. सासरी चाललेय," वहिनी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. हसत होत्या की रडत, देव जाणे.

वाइंडिंगवाल्याने पुली बसवून दिली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी बटण दाबलं. पट्टा फिरला, पण उलटा! पाट हातातून सुटला तो सरळ झोपाळ्यावर बसलेल्या आमच्या ह्यांच्या पायांखालून गेला. बरं, पाय वेळेवर वर घेतले त्यांनी. हातातलं वर्तमानपत्र मात्र फाटलं.

"फिरलं ना पण?" मी विचारलं.

"फिरलं," ते पाय खाली न सोडता म्हणाले.

प्लग काढून मोटारीतल्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा लावलं. आता पट्टा शहाण्यासारखा पळाला. माळ्यावरचा पहिला पाट अर्ध्या तासात गुळगुळीत झाला. मी त्यावरून तळहात फिरवत किती वेळ बसले कोण जाणे. बोटं दुखली नाहीत.

आता पंचाईत वेगळीच. वहिनी रोज चारच्या ठोक्याला येतात, मशीनपाशी खुर्ची टाकतात आणि दहा मिनिटं झाली की सुरू: "बस कर, लेकीला घाम फुटला. गरम झाली बघ. थोडा वारा घेऊ दे." दोन पाट अजून अडकून पडलेत. म्हणून म्हणते, तू ये गं लवकर. मांडव्याला बोटीतून उतरलीस की फोन कर. वहिनींना गच्चीवर नेऊन गप्पांत गुंतवून ठेव, तासभर तरी. तोवर मी दुसरा पाट उरकते.