मूळपुरुष, शुगर लँड

आमच्या गावाला मूळपुरुष होता आणि तो हयात होता. हे भाग्य फार थोड्या गावांना लाभतं. कुठलाही कुळवृत्तांत उघडा, मूळपुरुष वंशवृक्षाच्या तळाशी बसलेला असतो आणि 'कोकणातून घाटावर आले असावेत' याहून जास्त त्याच्याविषयी कोणाला काही ठाऊक नसतं. आमचा मूळपुरुष लांबलचक तपकिरी गाडी चालवायचा, टेक्ससच्या भर उन्हाळ्यात टाय लावून मराठी मंडळाच्या मीटिंगला यायचा आणि साबुदाण्याची खिचडी चिकट झाली असेल तर करणारीच्या तोंडावर सांगायचा.

सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठीमागे मूळपुरुष. पाठीमागे म्हटलेलं त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते एका तेलकंपनीत इंजिनियर म्हणून ह्यूस्टनला आले; आमचं शुगर लँड त्याचंच उपनगर. पहिल्या रात्री मोटेलच्या खोलीतली टेलिफोन डिरेक्टरी मांडीवर घेतली आणि 'ए'पासून वाचायला बसले. 'कर'ने संपणारं आडनाव दिसलं की फोन. असे तीन 'कर' निघाले, तिन्ही युरोपातले. त्यातल्या एका म्हातारीने त्यांना चाळीस मिनिटं नातवाच्या दातांविषयी सांगितलं. "मग तुम्ही फोन ठेवला का नाही?" मी एकदा विचारलं. "अगं, तिलाही बोलायला कोणी नव्हतं," काका म्हणाले.

त्यानंतर जो मराठी माणूस आला त्याला विमानतळावरून आणायला काका. मला कढीपत्त्याचं पहिलं रोप दिलं काकांनी. नवऱ्याला हायवेवर गाडी शिकवली काकांनी, आणि तेव्हा त्या दोघांमध्ये जे बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. म्हणून गणपतीची पहिली आरती काकांच्या हातची. तसा ठराव कोणी केलेला नव्हता. सूर्य उगवतो त्याचाही ठराव नसतो.

आणि मग पंच्याऐंशी साली, मंडळाच्या दहाव्या वर्षाच्या स्मरणिकेची मीटिंग चालू असताना, आमचे डॉक्टर बोलले. डॉक्टर हृदयाचे, स्वभावाने अबोल. वर्षानुवर्षं मीटिंगला येऊन 'हो' आणि 'बिल पाठवा' एवढंच बोलणारा माणूस. ते चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता म्हणाले, "बाय द वे, मी काकांच्या तीन महिने आधी आलो."

मी शपथेवर सांगते, खोलीतला एसी बंद पडल्यासारखा वाटला.

"वीस वर्षांत कधी बोलला नाहीत ते?" काका म्हणाले.

"कोणी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचा शेंगदाणा उचलला.

स्मरणिकेची संपादक मी. 'मंडळाचा इतिहास' हा लेख माझ्याकडे. घरी जाताना गाडीत मला इतका आनंद झाला होता की नवरा म्हणाला, "तुला स्मरणिका काढायची आहे की खून पाडायचे आहेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काका दारात. टाय नव्हता, त्यावरून मी काय ते ओळखलं. काखेत एक जाडजूड पुस्तक. "संपादकीणबाई, चहा राहू दे. आधी हे वाच."

त्यांच्या घराण्याचा कुळवृत्तांत होता. त्यांच्या वडिलांचं पान. मोठा भाऊ, त्याच्या पदव्या, बायकोचं माहेर, मुलं, मुलांच्या नोकऱ्या, दहा ओळी. धाकटा भाऊ, नऊ ओळी, त्यात बुद्धिबळाचं एक बक्षीससुद्धा. मधे काका. 'अमेरिकेत असतात. अधिक माहिती मिळाली नाही.'

"फॉर्म आला होता ना माहितीचा," काका म्हणाले. "दोनदा आला. भरू, भरू म्हणत ड्रॉवरमध्ये राहिला. मग छापून हे आलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "तिकडे मी एक ओळ आहे, आणि तीसुद्धा 'नाही'ने संपणारी. इथे मी पहिला आहे, एवढंच काय ते माझ्याकडे आहे. तू प्रूफ शोध. डॉक्टर आधी असेल तर तसं छाप, मी काही बोलणार नाही. पण शोध."

मी हसत होते ते थांबले.

ह्यूस्टनमध्ये एक लायब्ररी आहे, तिथे कादंबऱ्या नाहीत, स्वयंपाकाची पुस्तकं नाहीत, फक्त माणसं आहेत. कोण कुठे जन्मलं, कोणाशी लग्न केलं, कुठल्या बोटीने आलं, कुठे पुरलं. मी शनिवारी गेले तेव्हा मला वाटलं, दोन म्हातारे पेंगत असतील. तर गर्दी! काउबॉय हॅट मांडीवर ठेवून एक अवाढव्य माणूस पणजीचं माहेर शोधत होता आणि सापडत नाही म्हणून चक्क डोळे पुसत होता. आपल्याला कायम वाटत आलं की पूर्वजांचं वेड आपल्याला, आणि ही माणसं अठराव्या वर्षी घर सोडून मोकळी. त्या खोलीत माझं ते सगळं ज्ञान मी छत्रीसारखं मिटून कोपऱ्यात ठेवलं.

तिथली ग्रंथपाल एवढीशी बाई, चष्मा साखळीने गळ्यात. माझं पेन तिने आधी काढून घेतलं. कागदांजवळ शाई चालत नाही, फक्त पेन्सिल. मग तिने मला शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या दाखवल्या. फोनच्या नव्हेत. घरोघर जाऊन केलेल्या: या घरात कोण राहतं, काय काम करतं, बायकोचं नाव काय. वर्षाला एक खंड, भिंतभर. काका सापडले! नाव, 'इंजिनियर', अपार्टमेंटचा नंबर. छापील काका, तिशीतले, एकटे. मला त्यांना तिथून फोन करून 'तुमचा भाडेकरार संपत आलाय' असं सांगावंसं वाटलं. पान उलटते तर त्याच खंडात डॉक्टर. 'फिजिशियन.' त्याच्या आदल्या वर्षीच्या खंडात दोघंही नाहीत.

म्हणजे बरोबरी. मी ग्रंथपाल बाईला सगळी कथा सांगितली, अर्थात हातवारे करून. ती म्हणाली, "आणि या दोघांच्या आधी कोणी नव्हतं, हे तू बघितलंस का?"

"साठ सालच्या आधी? आमची माणसं? शुगर लँडला?"

"हनी," ती म्हणाली, "तीस वर्षं मी इथे आहे. आपण पहिले म्हणत जो कोणी येतो त्याला मी आणखी एक जुना ड्रॉवर उघडून देते."

तिने मला शिरगणतीची रीळं दिली. अमेरिकेत दर दहा वर्षांनी माणसं मोजतात, तशी आपल्याकडेही मोजतात. पण इथे ते कागद बहात्तर वर्षं कुलूपबंद ठेवतात आणि मग कोणालाही उघडून देतात. एकोणीसशे दहा सालचे नुकतेच, तीन वर्षांपूर्वी उघडले होते. मायक्रोफिल्म यंत्रावर चढवायची, दांडा फिरवायचा, आणि पडद्यावर एकेक पान सरकतं. हाताने लिहिलेली पानं. गणना करणारा माणूस घामाघूम होत दारोदार फिरला आहे आणि प्रत्येक दारातलं लिहून घेतलं आहे. विधवा, न्हावी, जुळी मुलं, सात मुलं झाली, जिवंत चार. मी थक्क होऊन बघत राहिले. एवढी माणसं, आणि एकाच्याही पुढे 'अधिक माहिती मिळाली नाही' असं नाही.

आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, रीळ मी तीन शनिवार फिरवलं. तेव्हाचं शुगर लँड म्हणजे उसाचे मळे आणि साखर कारखाना. तिसऱ्या शनिवारी, मान मोडून आलेली असताना, कारखान्याजवळच्या एका खाणावळीचं पान आलं. खाणावळवाली, तिची मुलगी, आणि खाली राहणाऱ्यांची नावं. सहावी ओळ.

नाव मी इथे सांगणार नाही. त्या आडनावाची पाच घरं आमच्या मंडळात आहेत आणि पाचही घरं उद्या त्याला आपला पणजोबा म्हणतील. वय चोवीस. अविवाहित. साखर कारखान्यात कामगार. लिहिता-वाचता येतं. वंशाच्या, म्हणजे गोरा की काळा या, रकान्यात एक अक्षर लिहून खोडलेलं, दुसरं लिहून तेही खोडलेलं. जन्म: हिंदुस्थान. आणि त्याच्या पुढे, मातृभाषेच्या जागी, स्पेलिंग जुन्या वळणाचं पण खाडाखोड नसलेला एक शब्द. मराठी.

मी किंचाळले असणार, कारण काउबॉय हॅटवाला माझ्यामागे येऊन उभा राहिला. "सापडला?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

घरी येईपर्यंत माझा आनंद उतरला. मला डॉक्टरांना हरवायचं होतं, काकांना नव्हे. आता ना डॉक्टर पहिले, ना काका. नवरा म्हणाला, "नको सांगूस. कोण बघायला जाणार आहे?" रात्रभर मलाही तेच पटत होतं. पण 'शोध' म्हणाले होते. सकाळी फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं.

काकांनी आधी त्याचं वय पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "त्याला जेवायला काय मिळत असेल गं?"

पुढच्या शनिवारी मी त्यांना घेऊन गेले. टाय होता. मी यंत्रावर रीळ चढवलं, सहावी ओळ मध्यावर आणली आणि बाजूला झाले. काकांनी चष्मा पुसला, ओळ वाचली. मग पुन्हा वाचली, बोट पडद्याजवळ धरून, पडद्याला न लावता. थोड्या वेळाने माझं लक्ष खाली गेलं. टेबलाखाली काकांनी बूट काढून ठेवले होते.

"हे बघ," ते हळूच म्हणाले. "त्या लिहिणाऱ्याला याचा रंग कळत नाहीये. दोनदा खोडलंय. पण भाषा? याने दारात उभं राहून त्याला स्पष्ट सांगितलं असणार. समजेपर्यंत सांगितलं असणार." मग ते माझ्याकडे वळले. "ऐंशीच्या खानेसुमारीत मला तो मोठा फॉर्म आला होता. घरात कुठली भाषा बोलता? मी काय लिहिलं, सांगू? हिंदी."

"का?"

"म्हटलं, कशाला क्लार्कला त्रास. मराठी लिहिलं तर पुन्हा फोन करतील, एक्स्प्लेन करा म्हणतील." ते बोटांवर हिशेब करू लागले. "ऐंशी अधिक बहात्तर. दोन हजार बावन्न साली पेटी उघडतील. तुझ्यासारखी कोणी आगाऊ बाई दांडा फिरवत येईल, आणि मी तिला हिंदी सापडेन." ते हसले, पण निम्म्यातच थांबले. "दोन्हीकडे मीच, बघ. तो फॉर्म भरला नाही, हा भरला तो खोटा."

ग्रंथपाल बाईला मराठी कळत नव्हती, पण बूट काढून बसलेला म्हातारा कळत होता. काय झालं, तिने विचारलं. मी सांगितलं. तिने एक कोरं फोल्डर आणून काकांपुढे ठेवलं. या भागात राहिलेल्या कुठल्याही कुटुंबाने आपली हकिगत लिहून दिली तर लायब्ररी ती ठेवून घेते, म्हणाली. बहात्तर वर्षं थांबावं लागत नाही. कुठल्याही भाषेत लिहा.

"कुठल्याही?" काकांनी विचारलं. तिने त्यांना पेन्सिल दिली.

काका दोन तास लिहीत होते. मी वाकून वाचलं, ती माझी सवयच आहे. पहिल्या कागदावर त्यांनी त्या माणसाची सहावी ओळ मराठीत उतरवून काढली होती, वयासकट. मग दुसऱ्या कागदावर स्वतःचं: जन्म, गाव, भाऊ, मोटेल, तीन 'कर', आमच्या काकूंचं माहेर, त्या कुठल्या हॉस्पिटलात वारल्या ते. पानं भरली. शेवटी फोल्डरवर चिकटवायच्या चिठ्ठीसाठी बाईने विचारलं, भाषा कुठली लिहू? काका उभे राहिले आणि एकेक अक्षर सांगत गेले. तिने पहिल्यांदाच बरोबर लिहिलं होतं, तरी त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.

त्या वर्षी गणपतीत आरतीचं तबक हातात घेऊन काका माइकपाशी गेले आणि सगळ्यांना खाणावळीतल्या माणसाची गोष्ट सांगितली. शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये लहान मुलंसुद्धा पळायची थांबली. नैवेद्याच्या पानाशेजारी एक दुसरं पान वाढलेलं होतं: वरणभात, तूप, लिंबाची फोड, दोन मोदक. "हे त्याचं," काका म्हणाले. "पहिला तो. मी दुसरा."

मागून डॉक्टरांचा आवाज आला, "ऑब्जेक्शन. दुसरा मी."

"तुम्ही तिसरे!" काका माइकवरच ओरडले, आणि आरती सुरू झाली.

मागच्या महिन्यात मी त्या लायब्ररीत पुन्हा गेले होते. ग्रंथपाल बाई अजून आहे. तिने फोल्डर काढून दिलं तर ते बोटभर जाड झालं होतं. डॉक्टरांचा सात पानी मजकूर, सोबत हॉस्पिटलच्या नेमणूकपत्राची झेरॉक्स. त्याला काकांचं अकरा पानी उत्तर. त्यावर डॉक्टरांची पुरवणी. मधेच एका गृहस्थांचं पत्र की त्यांचे मेहुणे छप्पन साली दोन दिवस ह्यूस्टनला येऊन गेले होते, तर ते धरावे का.

"कशाबद्दल लिहितात एवढं?" बाईने विचारलं.

"दुसरा कोण, त्याबद्दल," मी म्हटलं.

ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मी मात्र ते फोल्डर हातात तोलून बघत होते. आम्ही सगळे गेल्यावरही, कोणी ड्रॉवर उघडेल तर आत देवनागरीत हे भांडण तसंच चालू असणार. इथे कोण राहत होतं, याची शंका कोणालाही राहणार नाही. सगळ्यात वर काकांच्या पेन्सिलीतला तो पहिला कागद होता, एका ओळीचा. त्या ओळीवर कोणीही हरकत घेतलेली नव्हती.