तिचं दुखणं मी सांगायचो

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. तिची बोटं वाकडी होऊन बसली होती, म्हणून ती दोन्ही मनगटांत जुडी धरायची आणि मी पानं खुडायचो.

‘काड्या काढा की,’ ती म्हणाली. ‘शेळीला घालताय का मला?’

‘शेळी बरी. बोलत तरी न्हाई.’

ती हसली. ती मेथी चुलीवर चढलीच नाही. दिवस मावळायला तिला धाप लागली. शेजाऱ्याच्या टेम्पोत घातली, पण बेलापूरचा दवाखाना गाठायच्या आत ती गेली.

तिचं दुखणं वीस वर्षांचं, आणि एवढी वर्षं डॉक्टरला ते मीच सांगत आलो. आमच्याकडं तसंच चालतं. बाई पदर सावरून स्टुलावर बसते आणि डॉक्टर नवऱ्याला विचारतो, ‘काय होतंय हिला?’ मी म्हणायचो, ‘गुडघे धरत्यात. कामानं व्हतंय.’ तो सुई टोचायचा, गोळ्या द्यायचा, की आम्ही घरी. सकाळी तिला उठायला तास लागायचा. मी म्हणायचो, सोंग करते. खरं आहे म्हणून लिहितो.

दोन वर्षांमागं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण आली. मी तोंड उघडलं तशी ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा. मला आजींकडून ऐकायचंय.’

मला राग आला. पण मधे दार नव्हतं, नुसता पडदा होता. बाकावर बसून सगळं ऐकलं.

गुडघ्याचं ती बोललीच नाही. हातांचं बोलली. सकाळी मुठी उघडत नाहीत. खुरपं धरवत नाही, म्हणून चिंधीनं हाताला बांधून खुरपते. परकराची नाडी सुटत नाही आणि कुणाला सांगायची लाज, म्हणून रानात दिवसभर पाणी पीत नाही. गोळ्या उपाशीपोटी जळजळतात आणि तिचं जेवण सगळ्यांच्या मागून, म्हणून गोळ्या तशाच डब्यात पडून.

‘आजी, तुम्हाला काय करता यावं असं वाटतं?’

ती म्हणाली, ‘नाडी माझी मला सुटावी.’

रक्त तपासल्यावर कळलं, हा सांधेवात, कामाचा शीण नव्हे. आधीच नीट औषध मिळालं असतं तर बोटं वाचली असती. डॉक्टरणीनं गोळ्या रानातल्या न्याहारीनंतर घ्यायला सांगितल्या आणि परकरात नाडीऐवजी इलॅस्टिक घालायला लावलं. त्या उन्हाळ्यात ती रानात पोटभर पाणी प्यायली.

पडद्याआडून ऐकलं त्या दिवशी एस्टीच्या स्टँडवर मी विचारलं, ‘मला का न्हाई सांगितलंस?’

‘तुमी कवा इचारलं? तुमी सांगतच हुता.’

ती गेली, पण हे बोलणं घरातच आहे. अजून कुणी दारात येऊन काही विचारलं की मी तोंड उघडतो, आणि बोलायच्या आधी तिच्या खाटेकडं बघतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी तिला आंघोळ घातली. अहेव गेली, म्हणून भावजयीनं हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. सुजल्या सांध्यांवरून बांगडी जात नव्हती म्हणून तिचे हात चार वर्षं मोकळेच होते. नवरा जिता असून हात भुंडे, असं बायका बोलायच्या. आता भावजय तिच्या हाताला साबण लावून पंजा दाबायला लागली. आत कडकन आवाज झाला. ती थांबली.

‘दादा, दाबल्याबिगर जायाच्या न्हाईत. काय करू?’

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी तिच्याजवळ खाली बसलो.

‘काय गं,’ मी विचारलं, ‘घालायच्या का?’

‘दादाचं डोस्कं ठिकाणावर न्हाई,’ कुणीतरी म्हणालं.

मी थांबलो, लई वेळ. मग भावजयीच्या हातातून बांगड्या घेतल्या, तिच्या पोटावर ठेवल्या, आणि तिच्या हातांना पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही.