पालथ्या फोनमधला आवाज

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहून राहिली.

तुमच्यातल्या शिक्षकांना आपली पद्धत माहीतच आहे. ऑनलाइन प्रशिक्षणाचा व्हिडिओ लावायचा, आवाज बंद करायचा, फोन टेबलावर पालथा घालायचा आणि डबा खायचा. व्हिडिओ संपला की सर्टिफिकेट येतं.

आज अधारतालच्या आमच्या शाळेत, स्टाफरूममध्ये, मी आवाज बंद करायला विसरली. पालथ्या फोनमधून कोणी विचारलं, "पीछे तक सुनाई दे रहा है?"

समोरचे तिवारी सर मान वर न करता म्हणाले, "जी, दीदी."

मग त्यांचा घास हातातच राहिला. तो सुनंदाताईंचा आवाज होता. आमच्याच शाळेत शिकवायच्या. मागच्या उन्हाळ्यात त्या वारल्या.

मी फोन सरळ केला. आमचाच चौथीचा वर्ग, आमचाच फळा. ताईंनी अपूर्णांकांचा एक प्रश्न विचारला आणि नेहमीसारख्या गप्प उभ्या राहिल्या. उत्तर आल्याशिवाय त्या पुढे बोलतच नसत. सरळ आमच्याकडे पाहून राहिल्या होत्या.

शेवटी मीच म्हटलं, "सर, आपने तो ये वाला पहले ही कर लिया था ना?"

"किया था," सर हळूच म्हणाले. "सर्टिफिकेट भी है. तब दीदी यहीं बैठती थीं, मेरे बगल में."

सांगा मंडळी, तुमच्या पालथ्या फोनमध्ये कोण बोलून राहिलं, ते कधी पाहिलं का?