फॉगर बंद करणाऱ्या ताई

स्क्रीनवर गुलाब उमलताना दिसावा, या हौसेपायी मी एका शेतकऱ्याच्या पॉलिहाउसमधले खरे गुलाब भिजवून टाकले.

त्याचा फोन आला तेव्हा आमच्या ताई बोर्डावर सोल्डरिंग करत होत्या. सातपूरचं ते छोटं वर्कशॉप त्यांचंच, मी तिथला नोकर. त्यांनी हातातला टाका पुरा केला, थांबल्या त्या जागी लाल टेपचा तुकडा चिकटवला आणि मग फोन उचलला. तुम्ही ताईंना पाहिलं असतंत तर आधी हेच नजरेत भरलं असतं. हाक मारली की उठणार, पण खूण करून. काम झालं की बरोबर त्याच जागी परत. "हातातलं सांडून धावायचं नाही," म्हणायच्या. मी म्हणजे दूध तापत ठेवून सारखा झाकण उचलून बघणारा माणूस. माझे प्रोग्रामही तसेच.

आम्ही त्याला बसवून दिलेलं यंत्र फॉगरचं, म्हणजे पॉलिहाउसमध्ये धुकं सोडणाऱ्या नळ्यांचं. मोबाइलवरून 'चालू' लिहिलं की चालू, 'बंद' लिहिलं की बंद. चिपला मी शिकवलं होतं: यंत्राच्या स्क्रीनवर फूल उमलव, मग मोबाइलचे निरोप घेणाऱ्या मोडेमकडे बघ काही आलंय का, नसेल तर पुन्हा फूल उमलव. चिप एका वेळी जेमतेम एखाददुसरं अक्षर धरून ठेवते. फूल उमलेपर्यंत बाकीची अक्षरं येऊन वाया जात. शेतकरी सायखेड्याला सासुरवाडीत बसून 'बंद, बंद' लिहीत होता आणि इकडे धुकं चालूच.

दिंडोरीच्या बाजूला त्याच्या मळ्यात पोचलो, तर पाकळ्या डागाळलेल्या.

"ताई, हे खोकं काढून न्या," तो म्हणाला. "अर्धा माल गेला. राहिलेल्या कळ्या लग्नसराईच्या हायेत, त्या तरी वाचू द्या."

"आमचं चुकलं," ताई म्हणाल्या. आमचं! माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "संध्याकाळपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मीच उचलून नेते."

त्यांनी आधी पाणी बंद केलं आणि मला उपड्या क्रेटवर लॅपटॉप घेऊन बसवलं.

"सारखा दाराशी जाऊन बघू नकोस. अक्षर आलं की चिपला आपोआप हाक जाते. इंटरप्ट म्हणतात त्याला. कॉलेजात झोपला होतास का?"

मी जोशात सगळंच त्या इंटरप्टमध्ये कोंबलं. अक्षर वाचणं, अर्थ लावणं, व्हॉल्व्ह फिरवणं आणि हो, फूलसुद्धा. 'बंद'चा 'ब' आला आणि फूल उमलू लागलं. पुढचं पुन्हा वाया.

"अरे बाबा, दारात पाहुणा आला की उंबऱ्यावरच पंगत मांडतोस? मागचे उन्हात उभे! नाव विचार, आत बसव, दार मोकळं कर. जेवायचं नंतर."

मग तसंच केलं. इंटरप्टनं अक्षर उचलायचं, रांगेत ठेवायचं, परत जायचं. अर्थ मुख्य प्रोग्राम सवडीनं लावेल. शेतकरी बांधावरून निरोप धाडत राहिला आणि दर वेळी व्हॉल्व्हचा खटका बरोबर वाजला. शेवटी ताईंनी पाणी सोडलं. धुकं भरलं. तो 'बंद' लिहून टक लावून बघत राहिला. नळ्या फुस्स करून गप्प झाल्या.

"असू द्या मग खोकं," तो म्हणाला.

मी निमूट फुलाचा कोड पुसायला घेतला, तर ताईंनी हात धरला. "ठेव ते. छान काढलंयस. फक्त मधेच थांबायला शिकव त्याला."

यंदा ताई मुलीकडे हुबळीला कायमच्या राहायला गेल्या. वर्कशॉप माझ्या हाती सोपवून गेल्या. त्यांची खुर्ची रिकामीच असते. मी आपला स्टुलावर बसतो.

परवा त्याच शेतकऱ्याचा फोन आला. दुसरं पॉलिहाउस उभं राहिलंय, यंत्र पाहिजे. मी छाती फुगवून म्हटलं, "उद्याच येतो. मी स्वतः बसवतो."

पलीकडून प्रश्न आला.

"ताई नाय का?"

"त्या गेल्या हुबळीला. आता सगळं मीच बघतो."

"मग नको, साहेब. पाणी मी हातानंच बंद करीन."