कंपायलरपायी फोडलेला ओठ

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, अमरावतीत, मी माझ्या प्रोजेक्टच्या सोबत्याला भर लॅबमध्ये मारलं.

मी अकोल्याचा, होस्टेलवर राहणारा. तो धामणगावहून रोज गाडीनं ये-जा करायचा. आम्ही दोघं एक कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, मूळ कोडपासून बांधत होतो. त्याला गणिताच्या तीन लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडच्या फायली, लागायच्या. त्या मी माझ्या फोल्डरमध्ये बसवल्या आणि कुठं शोधायच्या तो रस्ता स्क्रीनवरच्या कमांडच्या खिडकीत टाइप करून मशीनला सांगितला. सकाळभर काम नीट चाललं. एका चुकीवर थांबलं तेव्हा मी जेवायला गेलो.

परत येऊन पुढं सुरू केलं, तर स्क्रीनवर ओळ आली: लायब्ररी सापडत नाही. मधल्या वेळात त्या मशीनवर तोच बसला होता.

"फोल्डर उडवलं तू?"

"मी काहून उडवीन बे?"

मी ठोसा मारला. तो खुर्चीसकट पडला. कॉलर धरून उठवला आणि पुन्हा तोंडावरच मारला. दात लागून ओठ फाटला, रक्त माझ्या बोटांवर आलं. त्यानं मला ढकललं, माझी पाठ कूलरवर आदळली. मी कीबोर्ड उपटून त्याच्या अंगावर फेकला. तेवढ्यात लॅबच्या मॅडमनी मागून माझा शर्ट पकडला.

त्यानं तोंडाला रुमाल लावला, कीबोर्ड जोडला आणि एका हातानं फोल्डर उघडलं. तिन्ही फायली जागच्या जागी होत्या.

"हे पाय. सारं इथंच हाये. रस्ता एकाच खिडकीपुरता देल्ता तू. ते खिडकी बंद कोन केली?"

मीच केली होती, जेवायला जाताना. हे कळल्यावरही माझी मूठ उघडली नाही. त्याला आणखी एक ठेवून द्यावी असंच वाटत होतं.

त्याला चार टाके पडले. मला लॅबमध्ये यायला बंदी झाली. कंपायलर त्यानं एकट्यानं पुरा केला. बांधतानाच लायब्रऱ्यांचा रस्ता कंपायलरच्या आत लिहून टाकला, म्हणजे कोणती खिडकी उघडी आहे याचा प्रश्नच नको. अहवालावर माझं नाव तसंच ठेवलं.

मी धामणगावला माफी मागायला गेलो. त्याच्या आईनं चहा दिला. ओठ कुणी फोडला ते तिला त्यानं सांगितलं नव्हतं. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा मी हात पुढं केला, तर तो झटकन मागं सरकला.

"मुद्दाम नाई केलं," तो म्हणाला. "आपोआप होते आता."